रडक्या चेहऱ्याचा गंधार

भाच्याच्या कीबोर्डच्या पुस्तकात मेजर स्केलच्या पानावर एक हसरा चेहरा छापलेला आहे आणि मायनर स्केलच्या पानावर एक रडका. रडक्या चेहऱ्याच्या गालावर निळ्या रंगाचा एक थेंब आहे, आणि तो थेंब भाच्याने पेन्सिलीने गडद करून हनुवटीपर्यंत ओघळवला आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये तो परदेशी मंडळाच्या परीक्षेची तयारी करतो आहे. त्या परीक्षेत मायनर स्केल एक नव्हे, तीन वाजवून दाखवावी लागतात: नॅचरल, हार्मोनिक आणि मेलडिक. एका रविवारी तिन्ही वाजवून झाल्यावर त्याने वैतागून विचारले, "आत्या, दुःखी स्केल तीन-तीन कशाला लागत्यात ह्यास्नी? एकात रडून भागत न्हाई व्हय?" आम्ही सगळे हसलो, वहिनीने भडंगाची ताटली पुढे केली आणि विषय संपला. माझ्यापुरता मात्र तो संपला नाही. प्रश्नाचा पहिला भाग तांत्रिक होता आणि त्याचे उत्तर देता येण्यासारखे होते. मला टोचत राहिला तो त्या गालावरचा थेंब, कारण मायनरचा जो कोमल गंधार, म्हणजे अर्धा स्वर उतरवलेला 'ग', त्याच्या संगतीत माझे इतके आयुष्य गेले आहे, आणि त्यातला रडण्याचा भाग फारच थोडा होता.

आधी तांत्रिक भाग. कीबोर्डवाल्यांची मायनर स्केल समजून घ्यायला पेटीइतके सोपे साधन नाही, आणि आपल्याकडे भजनात बसणाऱ्या कुणालाही ती पाच मिनिटांत समजावी. पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, षड्ज (सा) धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत गेले की बिलावल थाट, म्हणजे सात शुद्ध स्वरांचा साचा, मिळतो. तीच त्यांची मेजर. आता एकही काळी पट्टी न छेडता षड्ज उचलून पांढरी सहावर ठेवावा. पट्ट्या त्याच, बोटांखालचे लाकूड तेच, पण गंधार, धैवत आणि निषाद (ग, ध, नी) कोमल झालेले असतात आणि आपण आसावरी थाटात येऊन पोचतो. हीच नॅचरल मायनर. लहानपणी गुरुजींनी हा खेळ मला मूर्च्छना म्हणून शिकवला होता. पांढरी दोनवर षड्ज ठेवला की काफी, तीनवर भैरवी, चारवर कल्याण, पाचवर खमाज. त्या वयात मला तो जादूचा प्रकार वाटे, आणि खरे सांगायचे तर अजूनही थोडा वाटतोच. काहीही बदललेले नसते. आपण कुठे बसून ऐकतो तेवढेच बदललेले असते.

उरलेल्या दोन मायनर का, याचे उत्तर षड्जाच्या खालच्या पायरीत आहे. नॅचरल मायनरमध्ये निषाद कोमल असल्यामुळे तो षड्जापासून पूर्ण एका स्वराच्या अंतरावर राहतो आणि षड्जाकडे झुकत नाही. युरोपीय संगीतात षड्ज सतत वाजत नसतो. तिथे सुरावटी बदलत राहतात, आधार सरकत राहतो, आणि शेवटी मूळ आधारावर परत आल्याची खात्री ऐकणाऱ्याला द्यावी लागते. ती खात्री पंचमावर उभ्या राहणाऱ्या कॉर्डमधून मिळते, म्हणजे पंचम, निषाद आणि ऋषभ (प, नी, रे) एकत्र वाजण्यातून. आणि त्यातला निषाद शुद्ध असेल तरच तो अर्ध्या स्वराच्या अंतरावरून षड्जाला जाऊन भिडतो. म्हणून त्यांनी निषाद चढवला. पांढरी सहाच्या पट्टीत पांढरी पाच सोडून तिच्या शेजारची काळी चार घेतली की हार्मोनिक मायनर झाली. पण मग कोमल धैवत आणि शुद्ध निषाद यांच्यात दीड स्वराची दरी पडली, जी समूहाने गाणाऱ्या गळ्यांना अडखळवणारी होती. ती बुजवायला चढताना धैवतही शुद्ध केला, आणि उतरताना वरच्या षड्जाकडे जायचेच नसल्यामुळे दोन्ही स्वर पुन्हा कोमल करून टाकले. ही झाली मेलडिक. तीन वेगवेगळी दुःखे नाहीत ही. एकाच गरजेपोटी केलेल्या तीन तडजोडी आहेत.

भाच्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने वहीच्या मागच्या पानावर एक चौकट आखली. मला तिचे कौतुक वाटले, कारण त्यातून जे दिसले ते मीही इतक्या नेमकेपणाने पाहिले नव्हते. मायनर स्केलच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे षड्ज, ऋषभ, कोमल गंधार आणि मध्यम यांत, कुणीही काही बदलत नाही. सारी ओढाताण वरच्या अर्ध्यात आहे, आणि तीही धैवत व निषाद या दोनच स्वरांची. दोन्ही कोमल घेतले तर नॅचरल. धैवत कोमल आणि निषाद शुद्ध तर हार्मोनिक. दोन्ही शुद्ध तर चढती मेलडिक. त्याच्या चौकटीत चौथे घर रिकामे राहिले होते: धैवत शुद्ध, निषाद कोमल. "ह्येला काय म्हणायचं?" त्याने विचारले. तो आपला काफी. आमच्या सीमेपलीकडे, कर्नाटकी पद्धतीत, ही चारही घरे शेजारीशेजारी मांडून ठेवलेली आहेत. त्यांच्या बहात्तर मेळांत, म्हणजे मूळ स्वरसाच्यांत, नटभैरवी २०वा, कीरवाणी २१वा, खरहरप्रिया २२वा आणि गौरीमनोहरी २३वा. भातखंड्यांच्या दहा थाटांत यांपैकी दोघांनाच जागा मिळाली, आसावरीला आणि काफीला. कीरवाणी आपल्याकडे दक्षिणेतून आली आणि सतार-सरोद वाजवणाऱ्यांनी तिला आपलेसे केले, तरी दहा थाटांच्या हिशोबात ती आजही बसत नाही.

चौकट पुरी झाली, पण थेंब तसाच होता.

पेठेतल्या आमच्या भजनी मंडळात मी पेटी धरते. शनिवारी रात्री नऊच्या सुमारास मंडळी जमतात. कुणी दुकान बंद करून आलेले असते, कुणी म्हशीची धार काढून, आणि पहिला अर्धा तास पखवाजाला कणीक लावण्यात आणि उसाच्या बिलावर बोलण्यात जातो. नंतर भीमपलास रागातला एखादा अभंग सुरू होतो. भीमपलासात गंधारही कोमल आणि निषादही कोमल. पुस्तकाच्या न्यायाने ते रडक्या चेहऱ्याचे घराणे. पण तिसऱ्या कडव्याला टाळ चढतात, मागच्या भिंतीला टेकलेले म्हातारे पुढे सरकतात, आणि त्याच कोमल गंधारावर साठ-सत्तर वर्षांचे गळे असे काही कडाडून पडतात की तिथे डोळ्यांतून पाणी आलेच तर ते दुःखाचे नसते. उत्तरेकडच्या होरीची गोष्टही तीच. रंग, गुलाल, छेडाछेडी असा सगळा दंगा चाललेला असतो आणि तो चालतो काफीत. उलट मारवा राग घ्या. मारव्याचा गंधार स्वच्छ शुद्ध आहे, आणि तरी दिवस कलताना मारवा ऐकून मन ज्या प्रकारे सैरभैर होते तसे क्वचितच कशाने होत असेल. मारव्याच्या पानावर ते चित्रकार कोणता चेहरा काढतील?

याहून सरळ पुरावा दरबारी कानडा आणि अडाणा या रागांत आहे. दोघांचे स्वर जवळजवळ तेच, दोघेही आसावरी थाटातले, आणि स्वभाव मात्र सख्ख्या भावांचेही असू नयेत इतके वेगळे. दरबारी मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात उतरतो, गंधारावर थांबून त्याला हळूहळू झुलवतो, एकेका स्वराला वेळ देतो. अडाण्याला धीर नसतो. तो तार, म्हणजे वरच्या, षड्जाच्या आसपास उड्या घेतो आणि श्रोत्याने मान वर करण्याच्या आत निघून जातो. गुरुजींकडे दरबारी शिकताना मला एका गंधारावर किती दिवस ठेवले होते ते आठवले की आजही खांदे दुखतात. पेटीवर तर तो गंधार येतच नाही, म्हणून ते पेटी बंद करायला लावत. "पट्टी दाबलीस म्हणजे गंधार लागला असं नव्हे," असे ते म्हणत, आणि भाता मिटून माझ्याकडे तंबोरा देत.

त्या तंबोऱ्यापाशी मला गालावरच्या थेंबाचे उत्तर मिळेल असे वाटते. पूर्ण नसेल, पण बरेचसे.

तंबोरा लावताना चार तारांत फक्त पंचम आणि षड्ज असतात: एक पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि एक खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. गंधाराची तारच नसते. पण जवारी, म्हणजे तार घोडीला टेकून उमटणारा झंकार, नीट उघडली, दोरा घोडीवर केसभर पुढेमागे करत बरोबर त्या जागी आला, आणि खर्ज शांतपणे छेडला की वर कुठेतरी शुद्ध गंधार ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो, खर्जाच्या तारेच्या पोटातून तो आपोआप निघतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. भौतिकशास्त्र वाचलेली माणसे सांगतात की तार जशी अखंड कंप पावते तशीच ती दोन, तीन, चार, पाच भागांतही कंप पावत असते, आणि पाच भागांतल्या कंपनातून जो स्वर येतो तो दोन सप्तके वरचा शुद्ध गंधार असतो. पंचमाच्या तारेतूनही याच न्यायाने शुद्ध निषाद आणि ऋषभ निघतात. म्हणजे युरोपीयांनी आपल्या मायनरमध्ये ओढूनताणून आणलेली ती पंचम-निषाद-ऋषभाची कॉर्ड आपल्या तंबोऱ्याच्या पहिल्याच तारेत फुकट वाजत असते. कोल्हापूरच्या देवल क्लबसारख्या गाण्याच्या ठिकाणी मागे तंबोरा धरून बसलेल्या कुठल्याही मुलीला हे पुस्तकाशिवाय माहीत असते. गाणारे गात असतात, श्रोते वाहवा करत असतात, आणि कान तंबोऱ्याच्या भोपळ्याजवळ असल्यामुळे तिला मात्र कुणीच न गायलेला एक गंधार सबंध वेळ ऐकू येत असतो.

कोमल गंधार त्या तारेतून असा निघत नाही. तो गाणाऱ्याला स्वतः आणावा लागतो, आणि आणून जिथे ठेवायचा तिथे आधीच दुसरा गंधार तरंगत असतो. गळ्यातला कोमल गंधार आणि तंबोऱ्यातला शुद्ध गंधार यांच्यात एक बारीक घासणे चालू राहते. नवख्या गाणाऱ्याला ते कळत नाही, फक्त आपला सूर सारखा वर सरकतो आहे एवढेच जाणवते. कोमल गंधार वर सरकतो तो याच ओढीने. त्याला जागेवर धरायला आधार शोधावा लागतो तो खाली षड्जात शोधून चालत नाही, वर पंचमात शोधावा लागतो. कारण षड्जापासून शुद्ध गंधार जितका दूर, तितकाच कोमल गंधारापासून पंचम दूर आहे. गुरुजी हे गणित न मांडता शिकवत. "पंचमाकडं बघत गंधार लाव," एवढेच म्हणत. मायनर ऐकताना मन जे हलते ते या धरून ठेवण्यामुळे हलत असावे, असे मला वाटते. स्वर उभा असतो आणि त्याला ढकलणारे काहीतरी सतत वाजत असते. त्या ताणातून विरह काढता येतो, भक्ती काढता येते, होळीचा धिंगाणा काढता येतो आणि दरबारीचे गांभीर्यही. ताण स्वराचा आहे; रडणे की हसणे, ते गाणारा ठरवतो.

युरोपातल्या जुन्या रचनाकारांच्या कानालाही हा ताण जाणवत असला पाहिजे, नाहीतर त्यांनी एक गमतीदार रिवाज पाळला नसता. मायनरमध्ये बांधलेली रचना संपताना शेवटची कॉर्ड अचानक मेजरची घ्यायची, म्हणजे सबंध तुकडाभर सांभाळलेला कोमल गंधार शेवटच्या क्षणी शुद्ध करून सोडून द्यायचा. जर्मन रचनाकार बाखने १७२२ साली चोवीस स्केलांत चोवीस जोड्या रचल्या, बारा मेजरच्या आणि बारा मायनरच्या. त्यांतल्या मायनरच्या बहुतेक रचना अशाच शुद्ध गंधारावर विसावतात. भाच्याने त्यांतली एक मला मोबाइलवर ऐकवली. शेवट आला तेव्हा मला नवल वाटले नाही. तंबोऱ्यावर बसलेल्या माणसाला तो गंधार आधीपासूनच ऐकू येत असतो. आपले गायक मात्र असे करत नाहीत. कोमल गंधाराचा बागेश्री संपताना कुणी शुद्ध गंधार लावला तर त्याला पुन्हा बोलावणे यायचे नाही. आणि षड्ज क्षणभरही न थांबणाऱ्या संगीतात घरी पोचल्याची वेगळी खात्री कुणाला द्यायची? म्हणूनच आपला निषादही खुशाल कोमल राहू शकला.

आता पेटीबद्दल, जिच्यावर माझे पोट नसले तरी जीव आहे. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग पाडले तर तंबोऱ्यातला स्वयंभू शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ भागांवर येतो, आणि पंचमाच्या आधाराने लावलेला कोमल गंधार सुमारे ३१६वर. पेटीवर मात्र बाराही स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असल्यामुळे शुद्ध गंधार ४००वर चढतो आणि कोमल ३००वर उतरतो. गळ्यातले दोन गंधार एकमेकांपासून सत्तर भागांवर आहेत, पेटीने त्यांना शंभरावर नेऊन ठेवले आहे. मेजर आणि मायनर, हसरे आणि रडके, अशी सरळ फाळणी कीबोर्डवर शिकणाऱ्या मुलाला पटते याचे एक कारण हेही असेल की त्याच्या वाद्यात ती दोन घरे खरोखरच जास्त लांब आहेत. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दारात उभे केले नव्हते. त्यामागे इतरही कारणे होती, पण हे श्रुतींचे, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागांचे, दुखणे त्यात होतेच. मला तो निर्णय कठोर वाटतो आणि त्यामागची तक्रार खरीही वाटते. दोन्ही एकाच वेळी वाटते, त्याला माझा इलाज नाही.

माझ्या आजीच्या ओवीत तर तिसराच गंधार होता. पहाटे जात्याच्या घरघरीवर ती म्हणायची तेव्हा ओवीच्या दुसऱ्या चरणात एक स्वर यायचा, जो ना पूर्ण कोमल होता ना पूर्ण शुद्ध. पेटी शिकू लागल्यावर मी उत्साहाने ती चाल पट्ट्यांवर बसवायला गेले. कोमल गंधार दाबला की आजी म्हणे, "खाली जातंय गं." शुद्ध दाबला की म्हणे, "आता लईच वर." ती जात्यापाशी बसलेली, पदर कमरेला खोचलेला, एका हातात खुंटा आणि दुसऱ्या हाताने मूठ-मूठ जोंधळे घालत, मी पेटीवर दोन पट्ट्या आळीपाळीने दाबते आहे आणि तिचा स्वर त्या दोन्हींच्या मधल्या फटीत बसलेला. शेवटी तिने सांगितले, "ऱ्हाऊ दे, तुझ्या पेटीत न्हाई त्यो." त्या ओव्यांत माहेर होते, पाठीराखा भाऊ होता, ज्योतिबाची यात्रा होती, सासूची नक्कल होती. एकाच चालीत ती हसायची, मधेच तिचा आवाज जड व्हायचा, आणि स्वर मात्र तोच राहायचा.

कोल्हापुरात राहून या विषयावर लिहायचे आणि गायक अल्लादियाखाँसाहेबांपाशी थांबायचे नाही, हे शक्य नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने ते इथे राहिले, आणि जयपूर-अत्रौली गायकी ज्या अनवट रागांसाठी ओळखली जाते त्यांतले कितीतरी त्यांच्याकडून पुढे आले. त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडे पुढे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. या घराण्यात काफी कानडा गातात आणि संपूर्ण मालकंसही गातात. एरवी मालकंसात ऋषभ आणि पंचम दोन्ही वर्ज्य. संपूर्ण मालकंसात ते दोन्ही येतात. म्हणजे नुसते स्वर मोजले तर षड्ज, ऋषभ, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद: भाच्याच्या पुस्तकातली नॅचरल मायनर, एकही स्वर इकडचा तिकडे नाही. पण ऐकताना तो मालकंसच राहतो. मध्यमाचा भार हलत नाही, ऋषभ-पंचम आले तरी पाहुण्यासारखे येतात आणि ओळीच्या वळणात विरून जातात. ज्या सात पट्ट्या भाचा उजव्या हाताने सरळ चढून दोन सेकंदांत संपवतो, त्यांच्यावर माणूस तासभर काय करू शकतो हे मला त्याला ऐकवायचे होते. त्याने बारा मिनिटे ऐकले. सोळा वर्षांच्या मुलासाठी ते कमी नाही.

सध्या आमचा वाद पटदीप रागावर अडला आहे. पटदीपात फक्त गंधार कोमल, बाकी सारे शुद्ध. म्हणजे स्वरांच्या यादीत ती चढती मेलडिक मायनर. मी म्हणते की पटदीप चढताना ऋषभ आणि धैवत टाकतो, निषादावर उभा राहून हाक घालतो, आणि उतरतानाही निषाद-धैवत शुद्धच ठेवतो. तेव्हा तो मेलडिक नाही. भाच्याने याला उत्तर शोधून आणले आहे. जॅझ वाजवणारे मेलडिक मायनर उतरतानाही बदलत नाहीत, दोन्हीकडे शुद्धच ठेवतात, म्हणून पटदीप हा जॅझच्या हिशोबाने मेलडिकच. मी त्याला म्हटले, मग ऋषभ टाकून चढ आणि निषादावर थांबून दाखव. त्याने कीबोर्डवर मध्यमापासून उचलले, पंचम घेतला, निषादावर आला आणि थांबला. षड्ज घेण्याची त्याची घाई मला दिसत होती. बोट पट्टीवर टेकलेलेसुद्धा होते. "आत्या, ह्यात सा कवा घ्यायचा?" मी म्हटले, घाई नाही. पुढच्या आठवड्यात त्याची परीक्षा आहे, आणि त्यात पटदीप विचारणार नाहीत.